आत मोकळं, बाहेर भरलेलं: प्रॉक्समॉक्सवरचं स्टोरेज आणि त्याची राखण

मार्चअखेरचा शनिवार, रात्री साडेनऊ. फोन आला, "सर, अकाउंट्सचा सर्व्हर अडकलाय. माउससुद्धा हलत नाही." एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सचं पान उघडलं तर त्या व्हीएमच्या (आभासी सर्व्हरच्या) नावाशेजारी पिवळा त्रिकोण आणि स्थिती 'आयओ-एरर', म्हणजे वाचन-लेखनात चूक. दुपारीच त्या विंडोजमध्ये डी ड्राइव्हवर १८० जीबी मोकळी पाहिली होती. मग जागा संपली कुठे?

संपली होती खाली, होस्टच्या (व्हीएम ज्यावर चालतात त्या खऱ्या मशीनच्या) थिन पूलमध्ये, म्हणजे सगळ्या व्हीएमच्या सामायिक साठ्यात. वापर १०० टक्के. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि आडाकडे बघायचं कामच कुणाकडे नव्हतं. म्हणजे ते माझ्याकडे होतं आणि मी केलं नव्हतं.

हा लेख एक-दोन सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे: कारखाना, सीएचं ऑफिस, शाळा, छोटं हॉस्पिटल. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ताब्यात घेतल्यावर लायसन्सची पद्धत बदलली आणि अशी बरीच ऑफिसं प्रॉक्समॉक्सकडे वळली. उदाहरणं त्यामुळे प्रॉक्समॉक्सची आहेत, पण हिशेब कुठल्याही हायपरव्हायझरला (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) लागू पडतो.

पायरी १: शब्द किती दिलाय आणि गाठीला किती आहे

लग्नाच्या पत्रिका सहाशे वाटतात आणि आचाऱ्याला पानं साडेचारशे सांगतात. थिन प्रोव्हिजनिंग तसंच चालतं. व्हीएमला ५०० जीबीची डिस्क 'दिली' म्हणजे तेवढी जागा बाजूला काढून ठेवली असं नाही. व्हीएम जसजशी लिहिते तसतसे पूलमधले तुकडे तिच्या नावावर चढतात. सगळे पाहुणे एकाच पंगतीला बसत नाहीत तोवर ठीक.

त्या होस्टवर रेड कार्डाने मिरर केलेल्या (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) २ टीबीच्या दोन एसएसडी होत्या. डिस्क कंपन्यांचा टीबी दशमान असतो, त्यामुळे २ टीबीची डिस्क सिस्टीमला १.८२ दिसते. त्यातून रूट (होस्टच्या सिस्टीमचा विभाग), स्वॅप आणि पूलचा मेटाडेटा वजा जाता थिन पूल उरला साधारण १,७०० जीबीचा. वाटलेल्या पत्रिका अशा: फाइल सर्व्हर ९००, अकाउंट्स ५००, मेल ३००, हजेरी आणि कॅमेऱ्याच्या नोंदी प्रत्येकी २५०, डोमेन कंट्रोलर आणि एक 'टेस्ट' प्रत्येकी २००. बेरीज २,६०० जीबी, म्हणजे दीडपट.

दीडपट वाटप हा गुन्हा नाही. तो आकडा माहीत नसणं हा गुन्हा. तेव्हा पहिलं काम: एक साधी एक्सेल शीट. डावीकडे व्हीएम, मग दिलेली डिस्क, मग पूलवर प्रत्यक्ष व्यापलेली जागा, मग मालक कोण. प्रत्यक्ष आकडे 'एलव्हीएस' या कमांडमधून मिळतात. तिथे दोन टक्केवाऱ्या दिसतात, डेटाची आणि मेटाडेटाची. बहुतेक जण पहिली बघून शीट मिटतात.

दुसरी जास्त घातक. मेटाडेटा म्हणजे कुठला तुकडा कुणाचा याची नोंदवही. डेटा संपला तर लिहिणं थांबतं, जागा केली की सुरू होतं. नोंदवही संपली तर अख्खा पूल फक्त-वाचनावर जातो आणि तपासणी-दुरुस्तीशिवाय परत येत नाही. मेटाडेटा ७० टक्क्यांवर गेला की मी थांबत नाही, वाढवतोच.

दोन्ही आपोआप वाढण्याची सोय एलव्हीएममध्ये (लिनक्सच्या डिस्क-वाटप व्यवस्थेत) आहे, पण मुळात ती बंद असते: ऑटो-एक्सटेंडचा उंबरठा १०० टक्के ठेवलेला असतो आणि त्याचा अर्थच 'कधीच नको'. तो ८० करा, वाढ शिल्लक जागेत मावेल एवढीच ठेवा. मात्र व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे पूल ज्यातून कापला त्या एकूण जागेत, मोकळी जागा असेल तरच वाढणार. १२८ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर १६ जीबी न वापरता सोडतो. इन्स्टॉल करताना ती शिल्लक वाढवून १०० जीबी करून ठेवा. अडीअडचणीला हीच उपयोगी पडते.

पायरी २: पुसलेली जागा खरंच परत मिळवा

व्हीएममध्ये २०० जीबी फाइली पुसल्या की विंडोज लगेच २०० जीबी मोकळी दाखवतं. पूलला त्याचा पत्ताही नसतो. त्याच्या लेखी ते तुकडे अजून वापरात आहेत. ही बातमी खाली पोचवणारा निरोप म्हणजे डिस्कार्ड, ज्याला ट्रिमही म्हणतात.

व्हीएमच्या हार्डवेअर पानावर डिस्क निवडा, 'डिस्कार्ड'वर खूण करा, कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी ठेवा. मग व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. गेस्टच्या (व्हीएममधल्या सिस्टीमच्या) आतून रीस्टार्ट करून हा बदल लागू होत नाही, आणि इथे बरेच जण 'करून बघितलं, काही झालं नाही' म्हणून सोडून देतात. लिनक्स गेस्टमध्ये 'एफएसट्रिम' एकदा हाताने चालवा आणि त्याचा साप्ताहिक टायमर चालू आहे ना ते बघा. विंडोजमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा. डिस्कच्या प्रकारात 'थिन प्रोव्हिजन्ड' दिसलं तर निरोप पोचतोय. 'हार्ड डिस्क' दिसलं तर पोचत नाही, आणि मग तिथे डीफ्रॅग चुकूनही चालवू नका. फाइली इकडून तिकडे हलवताना ती नवे तुकडे घेत जाते आणि पूल फुगतो. एलएक्ससी कंटेनरसाठी (होस्टचंच कर्नल वापरणाऱ्या हलक्या आभासी सर्व्हरसाठी) होस्टवरूनच 'पीसीटी एफएसट्रिम' चालतं.

दोन अडथळे लक्षात असू द्या. गेस्टच्या आत लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन, असेल तर डिस्कार्ड तिथेच अडतं, वेगळी परवानगी द्यावी लागते. आणि स्नॅपशॉटने (व्हीएमच्या एका क्षणाच्या जपून ठेवलेल्या स्थितीने) धरून ठेवलेले तुकडे ट्रिमने सुटत नाहीत.

त्या फाइल सर्व्हरवर पहिल्यांदा ट्रिम चालवला तेव्हा पूलचा वापर डोळ्यांदेखत १४ टक्क्यांनी उतरला. दोन वर्षं पुसलेल्या फाइलींचं भाडं आम्ही भरत होतो.

पायरी ३: स्नॅपशॉटला वय असतं

त्या शनिवारचा खरा चोर इथेच सापडला. अकाउंट्सच्या व्हीएमवर 'अपडेटआधी' नावाचा स्नॅपशॉट अकरा आठवड्यांपूर्वी काढलेला होता. अपडेट नीट झालं, स्नॅपशॉट विसरला गेला. त्यानंतर डेटाबेसने बदललेल्या प्रत्येक तुकड्याची जुनी प्रत तो धरून बसला. मार्चअखेरीस डेटाबेसमध्ये उलथापालथ सुरू झाली आणि हे धरून बसणं झपाट्यानं वाढलं. भर म्हणून ऑडिटसाठी कुणीतरी जुना बॅकअप 'टेस्ट'वर उतरवला होता. कुणीतरी म्हणजे मीच.

व्हीएमवेअरची स्वतःची शिफारस अशी आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. तिथे कारण वेगळं: बदल वेगळ्या 'डेल्टा' फाइलीत साचतात, साखळी लांबते, वाचन मंदावतं. थिन एलव्हीएमवर साखळी तशी नसते, जागा मात्र तशीच खाल्ली जाते. म्हणून ७२ तासांची मर्यादा मी सगळीकडे पाळतो. स्नॅपशॉटच्या नावात तारीख आणि काढणाऱ्याचं नाव घालायचं. 'अपडेटआधी' हे नाव नव्हे. रॅमसह काढला तर रॅमसाठी वेगळा व्हॉल्यूम तयार होतो, तोही मोजायचा.

आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच पूलवर, त्याच डिस्कवर राहतो. घर जळालं तर कपाटातली झेरॉक्सही जळते.

पायरी ४: रूट आणि बॅकअपची डिस्क

प्रॉक्समॉक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये 'लोकल' नावाचं स्टोरेज रूट विभाजनावरच असतं. आयएसओ तिथे, टेम्प्लेट तिथे, आणि लक्ष नसेल तर बॅकअपही तिथेच. रूट भरलं की व्हीएम कदाचित चालू राहतील, पण कॉन्फिगरेशन लिहिता येत नाही आणि वेबच्या पानावर लॉगिनही होईनासं होतं. लोक मग होस्टच रीबूट करतात, जे करायला नको.

याहून छुपा सापळा यूएसबी डिस्कचा. बॅकअपची बाहेरची डिस्क एका फोल्डरवर माउंट केलेली (जोडलेली) असते. एक दिवस वीज जाते, येते, डिस्क माउंट होत नाही. फोल्डर तिथेच असतो, फक्त रिकामा. रात्री दोन वाजता बॅकअप त्याच फोल्डरात, म्हणजे रूटवर, निमूटपणे लिहू लागतो. सकाळी रूट १०० टक्के. यावर प्रॉक्समॉक्समध्ये 'इज-माउंटपॉइंट' नावाचा पर्याय आहे. डिरेक्टरी स्टोरेजला तो 'हो' करा. मग डिस्क खरोखर माउंट असेल तरच ते स्टोरेज चालू धरलं जातं, नाहीतर बॅकअप उघडपणे फेल होतो. फेल झालेला बॅकअप दिसतो तरी.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरत असाल तर एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते: जुने बॅकअप प्रून केले तरी जागा सुटत नाही. प्रून फक्त यादीतून नाव कमी करतं. तुकडे पुसण्याचं काम गार्बेज कलेक्शनचं, आणि तेही गेल्या चोवीस तासांत हात लागलेले तुकडे सोडून देतं. म्हणजे डिस्क भरल्यावर घाईने प्रून करून तासाभरात जागा मिळेल ही आशा सोडा. ८० टक्क्यांवरच हालचाल करा.

एलव्हीएमऐवजी झेडएफएस ही फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. पूल ८० टक्क्यांपुढे नेऊ नका. व्हीएमसाठी रेडझेडपेक्षा (पॅरिटीवर चालणाऱ्या डिस्करचनेपेक्षा) मिरर बरा: वेगही मिळतो आणि रेडझेडवर छोट्या ब्लॉकमुळे वाया जाणारी जागाही वाचते. रॅममधला कॅशे, म्हणजे एआरसी, किती घेतोय ते बघा. प्रॉक्समॉक्स ८.१ पासूनचा इन्स्टॉलर त्याला रॅमच्या १० टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त १६ जीबीवर रोखतो, पण त्याआधी बसवलेल्या होस्टवर तो निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतो. 'झेडपूल स्टेटस'मध्ये वाचन, लेखन आणि चेकसम (डेटा जसाचा तसा आहे का याची पडताळणी) असे तीन रकाने येतात. तिसऱ्यात शून्याशिवाय काहीही दिसलं तर डिस्क, केबल किंवा रॅम यांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय.

पायरी ५: नजर कशावर ठेवायची

मॉनिटरिंग म्हटलं की लोक आधी ग्राफाना या आलेख काढणाऱ्या साधनाचा डॅशबोर्ड बांधतात. तीस आलेख, गडद पार्श्वभूमी, भिंतीवर टीव्ही. आठवड्याभराने तिकडे कुणी बघत नाही. आधी प्रश्न ठरवा. स्टोरेजपुरते तीनच आहेत: जागा किती दिवस पुरेल, डिस्कची तब्येत कशी आहे, आणि उत्तर किती वेळात येतंय.

जागेचा नुसता टक्का फसवा असतो. आमच्या १,७०० जीबीच्या पूलवर रोज साधारण १२ जीबी वाढ होती. ७० टक्क्यांवर ५१० जीबी उरतात, म्हणजे बेचाळीस दिवस. ८५ टक्क्यांवर २५५ जीबी, एकवीस दिवस. आता स्वतःला विचारा: नवी एसएसडी मंजूर होऊन, बिल निघून, हातात यायला किती दिवस लागतात? आमच्याकडे तीन आठवडे लागतात, त्यातले दोन सहीचे. मग ८५ ला इशारा मिळून उपयोग काय? आम्ही पहिला इशारा ७० वर ठेवला. उंबरठा इंटरनेटवरून उचलू नका, तो तुमच्या खरेदी विभागाच्या वेगावरून काढा. प्रोमिथियस हे आकडे गोळा करणारं साधन वापरणाऱ्यांसाठी 'प्रेडिक्ट-लिनिअर' हे फंक्शन हाच हिशेब आपोआप करतं: गेल्या आठवड्याच्या वेगाने अमुक दिवसांनी शिल्लक किती.

दुसरं, तब्येत. प्रॉक्समॉक्सच्या 'डिस्क्स' पानावर एसएसडीची झीज टक्क्यांत दिसते. रेड कार्डामागे लपलेल्या डिस्क मात्र तिथे दिसत नाहीत, त्यासाठी कार्डाचं स्वतःचं टूल बसवावं लागतं. हार्ड डिस्कच्या स्मार्ट तक्त्यात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) चार ओळींवर बोट ठेवा. ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित, १९८ म्हणजे न दुरुस्त होणारे. हे तीन वाढू लागले की डिस्क मागवा, वाट बघू नका. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. तो आकडा डिस्क आणि कंट्रोलर यांच्या वाटेतल्या चुकांचा असतो. मी एकदा चांगली डिस्क काढून टाकली होती ती याच अज्ञानापोटी.

तिसरं, उत्तर यायला लागणारा वेळ. 'सर्व्हर स्लो आहे' या तक्रारीचा निकाल बहुधा इथे लागतो. होस्टवर 'आयओस्टॅट' विस्तृत पर्यायासह दर पाच सेकंदांनी चालवा आणि वाचन-लेखनाचे 'अवेट' रकाने बघा. आकडा मिलिसेकंदांत असतो. ७,२०० आरपीएमची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट ४.२. त्यात हेड हलण्याचा वेळ मिळवा. अशी एक डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच फुटकळ कामं करू शकते, त्यावर सहा व्हीएम बसवल्या तर रांग लागणारच. एसएसडीवर लेखनाचा अवेट सतत १० च्या वर राहिला तर काहीतरी बिघडलंय. शेवटचा 'युटिल' रकाना १०० दाखवतोय म्हणून मात्र घाबरू नका. एसएसडी एकाच वेळी बरीच कामं उरकते, तिच्यासाठी तो आकडा 'काही ना काही चालू होतं' एवढंच सांगतो.

प्रॉक्समॉक्स ९ मध्ये 'प्रेशर स्टॉल'चे आलेख आले आहेत. आयओची वाट बघण्यात किती वेळ गेला हे त्यात थेट दिसतं. जुन्या आवृत्तीवर कर्नल हीच माहिती प्रॉक फाइल सिस्टीमखालच्या 'प्रेशर' फोल्डरात देतं.

आकड्यांइतकंच वेळापत्रकही बघा. एका ठिकाणी दर सोमवारी मध्यरात्री सगळं ठप्प व्हायचं. लिनक्सचा साप्ताहिक ट्रिम टायमर मुळात सोमवारी बाराचा लावलेला असतो, आणि नऊ व्हीएमचा बॅकअपही बाराचाच लावलेला होता. बॅकअप दोनवर ढकलला, त्याला वेगाची मर्यादा घातली, तक्रार संपली. नवा सर्व्हर घ्यायचं कोटेशन टेबलावर आलेलं होतं!

पायरी ६: साधन आणि सांगावा

होस्ट एक किंवा दोन असतील तर दर दहा मिनिटांनी चालणारी पंधरा ओळींची स्क्रिप्ट पुरते: पूलच्या दोन टक्केवाऱ्या, रूटची एक, स्मार्टचे ते चार आकडे, ७२ तासांपेक्षा जुने स्नॅपशॉट, आणि उंबरठा ओलांडला तर टेलिग्रामवर संदेश. तीन ते दहा होस्टसाठी झॅबिक्स बरं, कारण इशारे, आलेख आणि यादी एकाच जागी मिळते. प्रोमिथियस आणि ग्राफाना ही जोडी ताकदवान आहे, पण तिची निगा राखायला एक माणूस हवा, आणि तो माणूस तुम्हीच असाल तर आधी विचार करा.

साधन कुठलंही घ्या, ते ज्या पूलवर नजर ठेवणार त्याच पूलवर त्याची व्हीएम ठेवू नका. पूल गोठला की पहारेकरीही गोठतो. आमचा पहारेकरी आता जुन्या मिनी पीसीवर, वेगळ्या यूपीएसवर बसतो. तो रोज सकाळी नऊला 'सगळं ठीक' असा एक संदेश पाठवतो. त्या संदेशाचं महत्त्व तो न येण्यात आहे.

इशारे दोनच प्रकारचे ठेवा: 'या आठवड्यात बघा' आणि 'आत्ता उठा'. पहिला ईमेलवर, दुसरा फोनवर. रोज चाळीस मेल येऊ लागले की माणूस नियम लावून ते वेगळ्या फोल्डरात टाकतो आणि तिथेच मॉनिटरिंग संपतं. नवा इशारा लावला की तो एकदा मुद्दाम वाजवून बघा: उंबरठा ५ टक्के करा, संदेश येतो का बघा, परत ७० करा. होस्टवरून थेट पाठवलेला मेल बऱ्याच इंटरनेट जोडण्यांवर अडतो, कारण २५ नंबरचा पोर्ट बंद असतो. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून सूचनांसाठी ऑफिसचं एसएमटीपी खातं थेट जोडता येतं, ते जोडा.

पायरी ७: पूल भरलाच तर

हा क्रम छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय.

सगळ्यात आधी, काहीही रीबूट करू नका. जागा संपली की थिन पूल साधारण ६० सेकंद लेखन रोखून धरतो आणि मग 'जागा नाही' असं उत्तर देतो. हे उत्तर मिळताच क्यूईएमयू, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम, व्हीएमला जागच्या जागी थांबवतं. तो पिवळा त्रिकोण म्हणजे व्हीएम मेलेली नाही, श्वास रोखून उभी आहे. जबरदस्तीने बंद केलीत तर मेमरीत अडकलेले व्यवहार जातील. कंटेनरना ही सवलत नाही, त्यांच्या फाइल सिस्टीमला थेट चुका मिळतात. म्हणून ते आधी तपासा.

मग 'एलव्हीएस'ने डेटा संपलाय की मेटाडेटा हे पाहा. मेटाडेटा संपला असेल तर इथेच थांबा, जाणकाराला फोन करा, पूलवर प्रयोग नकोत. डेटा संपला असेल तर राखून ठेवलेली जागा 'एलव्हीएक्सटेंड'ने पूलला जोडा. नसेल तर जुना स्नॅपशॉट काढा, तोही नसेल तर बंद पडलेल्या टेस्ट व्हीएमची डिस्क. पुसण्याआधी व्हीएमचा नंबर मोठ्याने वाचा. रात्री ११ वाजता १०४ आणि १०५ सारखेच दिसतात.

पूल ९५ च्या खाली आला की व्हीएम एकेक करून 'रिझ्यूम' करा, डेटाबेसची सगळ्यात आधी. सगळ्या एकदम सोडल्या तर अडकलेलं लेखन एकाच वेळी कोसळतं. त्या रात्री 'अपडेटआधी' काढल्यावर पूल ८८ वर आला आणि अकाउंट्सची व्हीएम अडकली होती त्याच एंट्रीपासून पुढे चालू झाली. एकही व्हाउचर गेलं नाही.

कागदाच्या तळाशी दोन फोन नंबर आहेत. आधी तिथे एका वेंडरच्या कॉल सेंटरचाही होता. शनिवारी रात्री तो लागत नाही हे कळल्यावर पेनाने खोडला.